डावखुऱ्या बाईचा खांदा

१२ जून
मुरूमची शाळा. फळ्यावर तारीख लिहायला डावा हात उचलला, खांद्याच्या वर जाईचना. उजव्यानं लिहिली. पोरी हसल्या, मीही हसले. गावातल्या खासगी दवाखान्यात फ्लूची लस घेतली त्या दिवसापासून हे दुखणं. वेणीसुद्धा शेजारीण घालते.

२८ जून
सोलापूरला हाडांचे डॉक्टर एमआरआय बघून म्हणाले, "सुई फार वर बसलीय." लिहून द्या म्हटलं तर नुसतं 'शक्यता आहे'. एसटीतून उतरताना हे म्हणाले, "केस करायची."

९ जुलै
आमच्या वकिलांची नोटीस दवाखान्यात पोचली. संध्याकाळी रेश्मा घरी. तिथली नर्स, लस तिनंच टोचलेली. माझ्याच वर्गात शिकलेली पोर. विचारलं, "वर टोचलंस का गं?"
"व्हय बाई. तुमी बसलेल्या, मी उभी. गर्दी लई होती." मग रडायला लागली. "नोकरी जाईल माझी."


२३ जुलै
धाराशिवला ग्राहक आयोगात तक्रार दाखल. वकील म्हणत होते, नर्सची कबुली घाला, केस पक्की. नाही घातली. हे चिडले, "हात तुझा गेलाय, तिचा न्हाय!"
खरंय. भरपाई मला हवीच आहे. पण त्याआधी, हे सुईनंच झालं, एवढं कुणीतरी मान्य करावं.

२ सप्टें.
दवाखान्याचा जबाब आला. बाईंचं दुखणं जुनंच. चूक असलीच तर नर्सची, तिला कामावरून काढलं आहे.
म्हणजे मी गप्प राहून कुणाला वाचवलं?

४ सप्टें.
शाळा सुटल्यावर रेश्माकडे. तिच्या अम्मीनं सतरंजी टाकली, माझ्याकडं बघितलं मात्र नाही. रेश्मा शांत होती. "साक्षीला मी येते बाई. आता कशाला भ्यायचं?"
वकील खूश होतील. हेसुद्धा. पण आयोगापुढं स्वतःची चूक कबूल केल्यावर या पोरीला दुसरा कुठला दवाखाना कामावर घेईल? हे तिला सांगायला हवं होतं. जीभ रेटली नाही. तिच्या साक्षीशिवाय माझ्याकडं आहे काय? एक 'शक्यता'.
निघताना दारात तिनं परत विचारलं, "बाई, येऊ ना मी?"
उद्या सांगते, म्हणाले.