रतनची खोली आणि रविवारचं ताट

मी, मंजुळा गुणाजी साळवे, वय अंदाजे बावन्न, धर्म ख्रिस्ती, धंदा खानावळ, राहणार वर्तकनगर, ठाणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वखुशीने लिहिते. शाळा तिसरीपर्यंत, म्हणून कायद्याचे शब्द कोर्टनाक्यावरच्या मधु टायपिस्टला विचारून घातलेत. बाकीचे माझे आहेत. डोकं ठिकाणावर आहे. पोट नाही, म्हणून येत्या मंगळवारी ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. काळजी मी करत नाहीच, पण मागे घोळ ठेवून जाणं मला जमत नाही.

मला मूलबाळ नाही. नवरा गुणाजी आधीच प्रभूकडे गेला. मी काही न लिहिता गेले तर सगळं माझ्या धाकट्या भावाकडे, दामाजी पाटोळेकडे जाईल, असं मधु सांगतो. दामाजी वाईट माणूस नाही. पण खोली हातात आली की तो ती विकणार, रतनचं कॉलेज सोडवणार आणि तिचं लग्न लावून मोकळा होणार. ते होऊ नये म्हणून हा कागद.

कलम पहिलं, खोली. वर्तकनगरची खोली माझ्या कष्टाची आहे. माझ्या पश्चात ती पूर्ण मालकीहक्काने माझी भाची, म्हणजे दामाजीची मुलगी, कुमारी रतन हिला मिळावी. ती माझ्याकडे राहून दगडांचं शास्त्र शिकते. पारसिकच्या डोंगरातून आणलेले दगड तिने खिडकीत मांडलेत. याआधीचे बापाच्या घरी मांडले होते. रतन म्हणाली हे कोट्यवधी वर्षांचे आहेत, आणि दामाजीच्या बायबलवरून केलेल्या हिशेबाने अख्खी पृथ्वीच सहा हजार वर्षांची, म्हणून त्याने ते नाल्यात टाकले. माझ्या खिडकीतले दगड कोणी हलवू नयेत. लग्न करायचं का, कधी, कोणाशी, हे रतनने बघावं. खोलीचा त्याच्याशी संबंध नाही.

कलम दुसरं, भांडण. मधु म्हणाला, "मावशी, भांडण वारसाने देता येत नाही." म्हटलं, लोक दुसरं देतात काय?

दामाजी आमच्या चर्चच्या मंडळीत वडील, म्हणजे पंच आहे आणि रविवारी मुलांना पवित्र शास्त्र शिकवतो. रतन लहान असताना तिने वर्गात विचारलं, देवाने सहा दिवसांत जग केलं आणि सूर्य चौथ्या दिवशी झाला, तर पहिले तीन दिवस उजाडले कसे? त्याने पोटच्या पोरीला बाकावर उभं केलं. मला कळल्यावर मी मंडळीच्या सभेत उठले.

"दामू, पोरीला उत्तर दे."

"अक्का, शास्त्रात दिवस म्हणजे दिवस. चोवीस तासांचा."

"चार दिवस सासूचे, चार दिवस सुनेचे म्हणतात. माझ्या सासूचे चार दिवस एकोणीस वर्षं चालले. म्हणजे म्हण खोटी का?"

सभा हसली. पाळकसाहेबसुद्धा रुमालात हसले. दामाजी हसला नाही. म्हणाला, "तू रविवारी, देवाने नेमलेल्या विसाव्याच्या दिवशी, चूल पेटवतेस. तुला शास्त्रातलं काय कळणार?"

त्याचं उत्तर तेव्हा राहिलं, ते आता देते. माझी खानावळ वागळे इस्टेटमध्ये. आमच्या ओळीतल्या कारखान्यांना विजेच्या पाळीमुळे शुक्रवारी सुट्टी असते. रविवारी भोंगा वाजतो आणि माणसं भुकेली येतात. त्यांना मी वाढते, आणि शुक्रवारी पाय पसरून बसते. सात दिवसांत एक दिवस थांबावं, एवढं मला त्या गोष्टीतून कळलं, आणि ते मी पाळते. देवाने जग केलं, यात मला शंका नाही. घड्याळ लावून केलं, यात आहे.

त्या सभेपासून दामाजीने माझ्या घरचं पाणी घेतलेलं नाही. रतन मात्र बारावी झाल्यावर कपड्यांची पिशवी आणि नवे दगड घेऊन माझ्या दारात आली.

कलम तिसरं, खानावळ. गाळा भाड्याचा आहे, तो मला देता येत नाही. भांडी, शेगड्या, पाटे आणि गिऱ्हाईकं चेंदणी कोळीवाड्याच्या हौसाबाईला द्यावीत. ती माझ्याकडे पहिल्यापासून चपात्या लाटते. तिलाही मी ही सहा दिवसांत जग केल्याची गोष्ट सांगितली होती. म्हणाली, "बाय, मासं पाचव्या दिवशी केलं? मग चार दिवस खाल्लं काय?" म्हटलं, खायला माणूसच नव्हता. म्हणाली, "मग देवाला घाई कसली होती?" पाळकांच्या पुस्तकांत मला याहून बरं काही सापडलेलं नाही.

पोस्टातले पैसे रतनच्या फीला. उरले तर मंडळीच्या गळक्या छपराला. माझ्या नावाची पाटी लावू नये.

कलम शेवटचं, दामाजी. आमच्या बापाचं पवित्र शास्त्र आणि आईचं जातं त्याला द्यावं. त्याला शाळेत घालायचं म्हणून मला काढलं होतं. मी दळायची आणि तो शेजारी बसून जगाच्या उत्पत्तीचा अध्याय मोठ्याने वाचायचा. उजेड झाला, पाणी बाजूला झालं, झाडं आली. दळण संपलं तरी मी रिकामं जातं फिरवत बसायची, तो थांबू नये म्हणून. तेव्हा आम्ही दोघांनी दिवस मोजले नव्हते.

माझ्या दफनाला तो अध्याय त्यानेच वाचावा. सगळा वाचावा, आणि अर्थ सांगू नये. रतनने पुन्हा तोच प्रश्न विचारला तर "ठाऊक नाही" म्हणावं. त्याने छप्पर पडत नाही, आमचं आधीच गळतंय.

हौसाबाईला भांडी मिळतात ती एका अटीवर. दर रविवारी तिने दामाजीच्या नावाने एक ताट वाढावं, फुकट, तो जिवंत आहे तोवर. समोरच्या पाटावर रतनने जेवायला बसावं. पहिल्या रविवारी तो येणार नाही, हे मला माहीत आहे. दुसऱ्याही नाही. ताट झाकून ठेवावं आणि चार दिवस वाट पाहावी. चार दिवस म्हणजे किती, ते कलम दोनमध्ये लिहिलं आहे.

हा कागद अंमलात आणायचं काम पोपट वाघ यांनी करावं. ते रोज माझ्याकडे जेवतात आणि मीठ कमी असलं तर तोंडावर सांगतात.

सही: मंजुळा गुणाजी साळवे

साक्षीदार:
१. मधु रामा म्हात्रे, टायपिस्ट, कोर्टनाका
२. पोपट गोमाजी वाघ, फिटर, वागळे इस्टेट

(हौसाबाईलाही सही करायची होती. पण जिला काही मिळतं तिला साक्षीला राहता येत नाही. ती रुसली आहे.)

ठिकाण: ठाणे
तारीख: १५ फेब्रुवारी १९९१, शुक्रवार. माझ्या सुट्टीचा दिवस.