बायडीच्या गाठीतल्या पेशी

४ डिसेंबर

माझ्या गाठीत कुणी शिरलंच नाही.

डॉक्टरबाईंनी स्क्रीनवर दाखवलं. निळे ठिपके म्हणजे रोगाशी लढणाऱ्या आपल्याच पेशी. माझ्या आतड्यातल्या गाठीच्या कडेला ते नुसते उभे — शिवेवर अडवल्यासारखे. आत एकही नाही. नवं औषध याच पेशींना जागं करतं. आत कुणी नसेल तर जागं कुणाला करणार? केमोही आता लागू पडत नाही. आता घरी आराम करा, म्हणाल्या. हे शेजारीच बसले होते. माझी फाइल उघडत होते, मिटत होते.

बायडीचं उलट. उंबरमाळीच्या पुढच्या वाडीतली, मजुरी करणारी बाई. तपासणीच्या रांगेत ओळख झाली. तिची गाठ फुप्फुसात, पण आत निळे ठिपके गच्च. शिरलेत, फक्त थकलेत. तिला औषध मिळणार, एका अभ्यासातून, फुकट.

मीच तिला समजावून सांगितलं. ती म्हणाली, "थकतीलच ना बाई. दिसभर आतच."

५ डिसेंबर

तिचा राग येतो. किन्हवलीच्या अंगणवाडीत वर्षानुवर्षं मी आयांना शिकवलं — शरीरात आपले सैनिक असतात, लस चुकवू नका. माझेच आत गेले नाहीत!

१२ डिसेंबर

बायडी पहिल्या सुईला आलीच नाही. तिच्याकडे फोन नाही, म्हणून हॉस्पिटलात माझा नंबर दिलाय. वाडीवर फोन करून चौकशी केली. नवरा झिपरू तिला घेऊन मुरबाडकडे वीटभट्टीवर गेलाय.

फोन ठेवला. बरं वाटलं — खरंच बरं वाटलं. मग दिवसभर घास उतरला नाही.

१४ डिसेंबर

मुरबाडला जाऊन आले. हे नको नको म्हणत होते, पण त्यांनीच गाडी काढली. प्रत्येक खड्डा पोटात लागला.

बायडी कच्च्या विटा उलटत होती. चार विटा उलटायची, खोकायची. झिपरू म्हणाला, आतापर्यंतच्या औषधानं काय झालं? आता तिचे हाल नकोत. त्याचंही खोटं नाही. तोही घाबरलाय.

बायडीनं मला विटांच्या मागं नेलं.

"तुमची सुई चालू हाय ना, बाई?"

"चालू आहे."

"मंग येते. एकटीला भ्या वाटतं."

पाण्याच्या पिंपात हात धुतले आणि झिपरूला म्हणाली, मी जाते. त्यानं तिच्या राहिलेल्या विटा उलटायला घेतल्या.

१६ डिसेंबर

पहिली सुई झाली. तिची.

६ जानेवारी

दुसरी. ती वरच्या मजल्यावर, मी खाली बाकावर. निघताना हातावर कापूस चिकटवून घेतला. हे बघत होते.

२७ जानेवारी

पोटात पाणी भरलंय. वाटेत दोनदा उलटी झाली. सुईचा त्रास, असं बायडीला सांगितलं. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं.

१८ फेब्रुवारी

हे म्हणाले, आता पुरे, तिला खरं सांगून टाक. नाही सांगितलं. चौथ्या सुईला तिच्याबरोबर गेलेच.

११ मार्च

स्कॅन झाला. बायडीची गाठ निम्मी उरलीय! डॉक्टरबाई हसत होत्या. मीही हसले. मग बाथरूममध्ये जाऊन रडले — कुणासाठी, ते कळलं नाही.

जिना उतरताना ह्यांनी उचललं. आता पुन्हा तिथं जाणं होणार नाही.

२० मार्च

वरणाचं पाणीही राहत नाही. ह्यांनी अंगणवाडीची चावी मदतनीस भिमीकडे दिली.

२५ मार्च

बायडी घरी आली. म्हटलं, पुढच्या सुईला झिपरूला घेऊन जा, माझी थांबवलीय.

"तुमची चालूच नव्हती," ती म्हणाली. पहिल्याच दिवशी नर्सकडून कळलं होतं तिला.

मग माझ्याबरोबर का येत राहिलीस?

"मी आले नसते, तर तुमी घरात पडून राहिल्या असतात, बाई."