कडक इस्त्रीची माणसं

प्रिय उजवी,

पत्र बघून आधी तू म्हणशील, आली का आठवण महाराणींना! म्हण. तुझा हक्कच आहे. दोन वर्षांत मी तुझ्याकडे फिरकले नाही, तुझे फोन उचलले नाहीत, आणि तुझी बहीण बाजारात भेटली तेव्हा तोंड चुकवून गल्लीत शिरले. तिने ते तुला मीठमसाला लावून सांगितलं असणारच. पण पत्र फाडू नकोस. आधी मला पोटभर लोकांना नावं ठेवू दे. ती ऐकायला तुझ्यासारखं माणूस मला दुसरं मिळालेलं नाही.

सुरुवात आपल्या लाँड्रीच्या मालकापासून करते, कारण तो त्याच मानाचा आहे. रोलरने ओढलेल्या तुझ्या हाताला टाके पडलेले असताना त्या गृहस्थाने तुला भेट काय पाठवावी, तर चादरींचा सेट! त्याच लाँड्रीत धुतलेला, चादरींना इस्त्री करणाऱ्या त्याच तापलेल्या रोलरमधून काढलेला, कडक. मलाही एक पाठवला होता. मी तो चिमट्याने उचलून जिन्याखाली टाकला. आणि वर हा माणूस सगळ्यांना सांगत फिरला, की बायकांनीच रोलरपुढची दांडी बांधून ठेवली होती. हो, बांधली होती. बोट लागलं की मशीन थांबवणारी दांडी, आणि जाड चादर आली की उगाच थांबवायची. म्हणून उशीच्या फाटक्या अभ्र्याची पट्टी करून रोलरवरच्या सगळ्या डावी-उजवी जोड्या ती बांधायच्या. पण त्या पट्ट्या फाडून खिळ्याला कोण लटकवून ठेवायचं? सुपरवायझर. आणि त्याला तसं करायला सांगायचं कोण? हाच. चोर तो चोर, वर शिरजोर.

मला काय झालं ते तुला कुणी धड सांगितलं नसेल. मला वास येतो गं. ओल्या कापडावर गरम इस्त्री फिरली की येतो तो, स्टार्चचा. तो आला की मी इथे उरतच नाही. परत तिथेच, मशीनच्या डाव्या बाजूला, चादरीची दोन टोकं हातात धरून. घाम फुटतो, हात बधिर होतात. बँकेत माझ्यामागे एक कडक शर्टवाला येऊन उभा राहिला, तर मी पासबुक काउंटरवर टाकून पळत सुटले. वॉचमन चोर समजून माझ्यामागे! काम तर गेलंच. घरातली इस्त्री नवऱ्याने माळ्यावर टाकली आणि तेव्हापासून चुरगळलेल्या शर्टात ऑफिसला जातो. जाताना आरशासमोर असा काही उसासा टाकतो की बघणाऱ्याला वाटावं, माझ्यासाठी किडनीच दिलीय.

मग सुरू झाले उपचार. कपाळ माझं! नणंदेने रंगीत दगड आणले. निळा पोटावर, हिरवा कपाळावर ठेवून पडून राहायचं. मी पडले. हिरवा घरंगळून कानात आपटला, एवढाच काय तो परिणाम. मोठे दीर म्हणाले, मनावर घ्यायचं नाही, झालं गेलं विसरून जायचं. स्वतः दहा वर्षांपूर्वी धाकट्या भावाने जेवायला बोलावलं नाही, ते अजून विसरलेले नाहीत. लोका सांगे ब्रह्मज्ञान! एका बाईने डोळे मिटायला लावून मला मागच्या जन्मात नेलं आणि सांगितलं, तू राणी होतीस. मी म्हटलं, बाई, मला या जन्मात बँकेच्या रांगेत उभं राहता येत नाहीये, त्याचं बघा. मालकाने एक सल्लागार धाडला होता. त्याने पडद्यावर समुद्राची चित्रं दाखवली आणि म्हणाला, कल्पना करा, तुम्ही किनाऱ्यावर आहात. बोलत होता तो, आणि इथे त्याच्या कॉलरचा वास माझ्या नाकात. मी उठून पळाले. त्याने कळवलं, या बाईंचं सहकार्य नाही. अगं, या सगळ्यांत एकालाही एवढी अक्कल सुचू नये की हिला विचारावं, तुला नेमकं कशाने होतं? सगळे आपले कडक इस्त्रीत येतात आणि मला शांत व्हायला सांगतात!

गोळ्यांना मात्र मी नावं ठेवणार नाही. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने दिल्या, त्यांनी झोप लागायला लागली. त्यानेच पुढे एका बाईकडे पाठवलं. टायरच्या दुकानावर तिची खोली. नाक सतत वाहतंय, ओढणीला घडी म्हणून नाही, टेबलावर कालचा चहाचा कप. मी मनात म्हटलं, हिला स्वतःचं नाक आवरत नाही, ही माझं मन काय आवरणार? पण तिने पहिला प्रश्न विचारला, की वास स्टार्चचा, वाफेचा, की करपलेल्या कापडाचा? मला रडूच फुटलं. मेलं एवढं साधं कुणी विचारलंच नव्हतं.

ती म्हणते, विसरायचं औषध माझ्याकडे नाही. शरीराला तेव्हाचं आणि आत्ताचं यातला फरक कळेनासा झालाय, तो हळूहळू शिकवू. मी म्हटलं, शिकवा, माझं काय जातंय. मग तिने थंड इस्त्री टेबलावर ठेवली आणि नुसती बघायला सांगितली. नंतर ओला रुमाल. नंतर कोमट इस्त्री. भीती चढते, चढते आणि आपण पळालो नाही तर आपोआप उतरते, असं तिचं म्हणणं. चढत असताना खोलीत दिसेल ते मोठ्याने म्हणायचं. मी म्हटलं: खुर्ची, पंखा, खिडकी, तुमचं गळकं नाक. ती हसली आणि म्हणाली, चालेल, तेही आत्ताचंच आहे. आणि सांगायला लाज वाटते गं, एवढ्या शिव्या घातल्यावर, पण उतरली. भीती उतरली! काही वेळा नाही उतरत. तेव्हा मी तिलाच टाकून बोलते आणि पुढच्या आठवड्यात मुकाट्याने परत जाते. परवा मी नवऱ्याच्या शर्टाची एक बाही इस्त्री केली. एकच. तो ती दुसऱ्या बाहीपेक्षा वर धरून ऑफिसला गेला, येडा.

आता खरं सांगते. तिने मला विचारलं, या सगळ्यात तुम्हाला अशक्य वाटणारी, सगळ्यात वरची पायरी कोणती? मला वाटलं मी रोलर म्हणेन. पण तोंडातून तू निघालीस. तुझा हात नव्हे गं, तुझा आवाज. त्या दिवशी तू आईला हाक मारली नाहीस, देवाला नाही, मला मारलीस. मी तुझा हात रोलरमधून बाहेर ओढत होते आणि तू मलाच हाका मारत होतीस. तेव्हापासून फोनवर तुझं साधं ‘काय गं’ येईल या विचारानेही माझे हात बधिर होतात. म्हणून उचलला नाही, म्हणून आले नाही. लोकांना वाटतं मी तुला टाकलं. तुलाही वाटत असेल. मला तू हवी आहेस, आणि या जगात मला सगळ्यात जास्त भीती तुझीच वाटते. तर रविवारी दुपारी मी येणार आहे. ती बाई खाली रस्त्यावर थांबेल, वर एकटी येईन. दारात मी थरथर कापेन. पाणी आणू नकोस, पाठीवरून हात फिरवू नकोस, रडू तर मुळीच नकोस. तू फक्त बोल. काहीही बोल, मालकाला शिव्या घाल, दोन वर्षं कुठे मेली होतीस म्हणून मला घाल. मी कान झाकून घेतले तरी गप्प होऊ नकोस. माझी भीती उतरेपर्यंत बोलत राहा.

तुझीच,
डावी