पंखाखालची लिंबू-मिरची

चि. शलाका,

बदलापूरपुढच्या माळावर तुझ्या नव्या दोन सीटच्या विमानाच्या पंखाखाली मी हौसेनं लिंबू-मिरची बांधली आणि तू ती सगळ्यांदेखत सोडलीस. "आई, पंखाखालच्या या नळीत वारा शिरला तरच मला वेग कळतो," म्हणालीस. मी रुसून बसले. पण उडण्याआधी तू एकेक नट-बोल्ट हात लावून बघत होतीस, मी घरातून निघताना गॅस बघते तशी. खाली उतरल्यावर तू रुमाल काढलास, तर खिशातून तीच लिंबू-मिरची पडली.

हे पत्र मी तुला देणार नाही. सुनेपुढे इतक्यात नमायचं नाही मला. पण पुढच्या रविवारी शेजारच्या सीटवर मीच बसणार. लिंबू-मिरची तुझ्याच खिशात असू दे, मला दोन्ही हातांनी सीट धरावी लागेल.

अजून रुसलेली,
तुझी सासू सरस्वती
अंबरनाथ