साडेनऊ तासांचा हिशेब

मंगळवार संध्याकाळ (तुमच्याकडे एव्हाना बुधवार लागला असेल)

प्रिय वहिनी,

नमस्कार. पोचलो. जेवलो. तब्येत ठणठणीत. एवढंच दादाला सांग, पुढचं नको. फोन करत नाही, कारण दादा तो स्पीकरवर लावून सगळ्या घराला ऐकवतो.

इथलं विमानतळ म्हणजे चकचकीत गोठा आहे. हजार माणसं, एकाच्याही तोंडावर अक्कल नाही. विमानात शेजारचे गृहस्थ समोरच्या पडद्यावर विमानाचं चित्र किती सरकलं ते बघत होते आणि सारखं मला सांगत होते. शेवटी म्हटलं, "काका, तुम्ही मागून ढकलताय का?" मग त्यांनी पडदाच बंद केला.

जिच्यासाठी घर सोडून आलो, तिचं विचारशीलच. घ्यायला आली नव्हती. मी सात हजार किलोमीटर आलो आणि बाईसाहेबांना बसने चाळीस मिनिटं येववलं नाही. हिच्यासाठी मी कॉलेजवर पाणी सोडलं. तडक तिच्या घरी गेलो आणि जिन्यातच तोंड सोडलं. वरच्या मजल्यावरच्या बाई बाहेर येऊन बघत होत्या. बघेनात का.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आले होते मी."

"कधी?"

"काल. तू कळवलेल्या वेळेला. दुपारपर्यंत उभी होते."

वहिनी, दोन विमानतळांची नावं टाकली की अंतर आणि वेळ सांगणारी ती भंगार वेबसाइट तुला दाखवली होती ना? तिच्यावर साडेनऊ तास लिहिलं होतं. निघायच्या वेळेत मी ते मिळवले, घड्याळांचा फरकही धरला, एवढा काही मी ढ नाही, आणि तिला कळवून मोकळा झालो. पण असं सरळ जाणारं विमान मुळात कुणी चालवतच नाही, हे त्या दीडशहाण्यांनी लिहायला नको? दोनदा विमान बदललं. एका ठिकाणी तर रात्रभर बाकड्यावर.

"तिकिटावर पोचायची वेळ छापलेली असते," ती म्हणाली. हुबेहूब दादाचा सूर.

तिकीट मी वाचलं नव्हतं. नाव बरोबर आहे एवढं पाहिलं होतं.

आता निम्मं लिहिलंच आहे तर उरलेलंही लिहितो. काल तिचा नव्या नोकरीचा पहिला दिवस होता. माझ्यासाठी ती गेली नाही. आता तिथे तिला ठेवतात की नाही, देव जाणे. हे तिने नाही सांगितलं. तिने दार लावून घेतल्यावर वरच्या बाईंनी सांगितलं, आणि मला जे म्हणाल्या ते इथे लिहिण्यासारखं नाही.

परत विमानतळावर येऊन बसलोय. उजवीकडे तिकीट बदलून देणारी खिडकी, डावीकडे तिच्या गल्लीत जाणारी बस. खिडकीतला शहाणा विचारतो, "जायचंय की नाही नक्की?" त्याच्या बापाचं काय जातं? माफी कशी मागतात, हे आपल्या घरात कुणी कुणाला करून दाखवलेलंच नाही. तूही नाही, दादाही नाही. मला कुठून येणार?

तरी बसने जातोय. दार उघडेलच असं नाही.

हे पत्र येईल तेव्हा मी घरात दिसलो, तर फाडून टाक आणि मला काही विचारू नकोस. दिसलो नाही, तर दादाला खुशाल वाचून दाखव. बाकी कुणाशी काही बोलू नकोस. माझ्या बाजूने तर मुळीच नको.

तुझा दीर