टाकी बसेपर्यंत

३ फेब्रुवारी
दगड आले! मासे नाहीत, नुसते दगड. साहेबांनी, म्हणजे माझ्या नवऱ्याने, हॉलमध्ये काचेची मोठी टाकी बसवून घेतली. खाऱ्या पाण्याची. "हे जिवंत दगड आहेत," म्हणाला. सासूबाईंनी चष्मा लावून बघितलं. "श्वास घेताना तर दिसत नाहीत!"

घरभर सडक्या शिंपल्यांचा वास. टाकीवाला सांगून गेला — वाटेत दगडावरचं जे मेलं ते आधी कुजून संपणार. मग चांगले जंतू, मग शेवाळ, मग कुठे मासे; याला म्हणतात टाकी बसणं. घाई केलीत तर सगळं मुसळ केरात.

परवाच याला मला मिळालेल्या नोकरीचं सांगितलं होतं. बंदराच्या शहरातलं हॉस्पिटल, रक्त तपासायचं काम, राहायला खोली, एक एप्रिलला हजर व्हायचं. आज पाणी भरताना एकदम म्हणाला, "जा की. टाकी बसली की जा. अर्धवट सोडून जाऊ नकोस." मी हो म्हणून बसले. अक्कल गहाण ठेवली होती बहुतेक.

५ फेब्रुवारी
साहेब कामाच्या दौऱ्यावर, दोन महिने. हाताला थेंबभर खारं पाणी न लावता गेले! जाताना टाकीसमोर कॅमेरा बसवला — फोनवर दगड दिसावेत म्हणून. त्यात टाकीमागचं दारही दिसतं.

९ फेब्रुवारी
सकाळी उठलं की आधी टाकी. पाणी उडतं, मीठ मागेच राहतं, म्हणून रोज वरून साधं गाळलेलं पाणी घालायचं. सासूबाईंना हे काही केल्या पटेना. "समुद्रात गोडं पाणी कोण ओततं गं?" म्हटलं, "पाऊस, आई." दोघी खूप हसलो.

लगेच फोन. "एवढं काय हसताय?"

१७ फेब्रुवारी
दगडांवर तपकिरी थर आलाय, चहाच्या भांड्याला येतो तसा. मी घाबरले. टाकीवाला म्हणाला, येऊ दे, दिवे कमी वेळ ठेवा, जाईल आपोआप.

दुपारी भाजी आणायला गेले. परत येऊन चप्पल काढतेय तोच याचा फोन — "कुठे होतीस? दिवा बंद दिसला." दिव्याची काळजी हो! दाराला कुलूप नाही, कोणी हात धरलेला नाही, तरी या घरात कोंडल्यासारखं होतं. कोणाला सांगितलं तर हसतील. नवऱ्याने टाकी घेऊन दिली, त्यात रडायचं काय?

२ मार्च
गुलाबी! मधल्या दगडाच्या कडेला नखाएवढा गुलाबी डाग. हेही शेवाळच, पण दगडाला कवचासारखं चिकटून वाढणारं. हे आलं की टाकी बसत आली. सासूबाईंना हाताला धरून आणलं, दाखवलं. "छान आहे," म्हणाल्या आणि आत गेल्या. वाटलं होतं त्याहून कमी खूश झाल्या.

ह्यात माझा जीव कधी गुंतला कळलंच नाही. याला सांगितलं, तर "बघू".

१२ मार्च
गुलाबी डाग पांढरे पडायला लागलेत. पाण्याचा खारटपणा मोजला — फार वाढलाय. कसा? साध्या पाण्याशिवाय मी काही घातलेलं नाही. अर्धी दुपार बादल्या ओढून पाणी बदललं, कंबरेचा काटा ढिला झाला.

फोनवर म्हणाला, "म्हणजे अजून बसली नाही." आवाजात वाईट वाटल्याचा मागमूस नाही.

१६ मार्च
परत वाढला! माणसांच्या रक्तातलं मीठ मोजणारी बाई मी, आणि घरच्या टाकीतलं मोजता येईना? मोजायची नळी दोनदा धुऊन पाहिली. नळी बरोबर आहे. बंदराच्या हॉस्पिटलमधून मैत्रिणीचा निरोप — येतेयस ना? उत्तर दिलं नाही. चिडचिड होतेय नुसती. स्वयंपाकघरातलं मीठही संपलंय, ते आणायचंय.

१९ मार्च
दुपारी डोकं दुखत होतं, आडवी झाले होते. पाणी प्यायला उठले. सासूबाई टाकीपाशी उभ्या. मूठ पाण्यात. मुठीतून जाडं मीठ सुटत होतं.

मला वाटलं, समजुतीचा घोटाळा. "आई, अहो असं नाही घालायचं—" त्या म्हणाल्या, "माहितीये मला. तू दहा वेळा सांगितलंयस."

मग खाली बसल्या. "तू गेलीस की घरात मी आणि तो. तो विचारणार, मी उत्तरं देणार. जन्मभर त्याच्या बापाला उत्तरं दिली गं."

मला भयंकर राग आला. तोंडाला येईल ते बोलले. हात दाखवून म्हटलं, कॅमेरा आहे समोर, मुलाला दिसलं असतं म्हणजे? त्या म्हणाल्या, "त्याला पहिल्याच दिवशी दिसलं. फोन आला. मला वाटलं ओरडेल. म्हणाला, आई, एकदम नको, थोडं थोडं टाक."

२१ मार्च
दोन दिवस आम्ही बोललो नाही. तो रोज विचारतो, टाकी कशी आहे. मी सांगते, बरी आहे.

२४ मार्च
टाकीवाल्याला बोलावलं. दगड जगतील म्हणाला, त्याच्या दुकानातल्या पाण्यात. एकेक दगड मीच बाहेर काढला, कॅमेऱ्यासमोर, ओल्या कापडात गुंडाळून. मधला दगड हातात घेतला तेव्हा रडू आलं. फोन वाजायला लागला. थांबला. परत वाजला. मी हात पुसायला निघाले, तर सासूबाई बादली धरून म्हणाल्या, "वाजू दे."

२७ मार्च
तिकिटं काढली. दोन. सासूबाईंनी हळूच विचारलं, "खिडकीची जागा मिळेल का गं?"