भिंतीवरचा गहू

३ ऑक्टोबर
मूस जॉ गावच्या वृद्धाश्रमातलं काम आज संपलं! त्यांच्या जेवणघराला खिडकीच नव्हती, ती मी रंगवून दिली. भिंतभर मोठी. बाहेर पिकलेला गहू, पार आभाळाला टेकेपर्यंत. न्यायला ओरेस्ट आला तर म्हणतो, "झालं का ताई चित्र? आता एखादं खरं काम बघ." सख्खा भाऊ!

९ ऑक्टोबर
सकाळीच तिथल्या मॅनेजरीणबाईंचा, ग्लेनिसचा फोन — "हालिना, तुझा गहू कापायला ये."
मला वाटलं थट्टा. थट्टा नव्हती. तिथले क्लासेन आजोबा परवापासून धड जेवलेले नाहीत. माझ्या खिडकीसमोर बसून असतात. म्हणतात, बर्फ तोंडावर आलाय, पीक उभं आहे, आणि ही माणसं खुशाल सूप पितायत!
"वर पडदा टाका," मी म्हटलं.
"टाकला होता. ओढून काढला त्यांनी."

१० ऑक्टोबर
गेले. आजोबांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.
"बाकीचे गडी कुठायत?"
"मी एकटीच आलेय."
"मग उभी काय राहिलीस? लाग कामाला!"
लागले. सोनेरी गव्हावर मातकट धसकटं, इंचाइंचानं. मागून आजोबा — "कडेनं घे! अगं, कडेनं!" एकेक करत सगळे म्हातारे खुर्च्या ओढून बसले. त्यातल्या ऑल्गाबाई सैपाकघराकडे बघून ओरडल्या, "तिला चहा तरी द्या रे कुणी, सकाळपासून शेतात आहे!"
शेतात!!

११ ऑक्टोबर
पाठ मोडली. लहान ब्रशनं काम उरकेना, म्हणून घरं रंगवायचा घेतला. ग्लेनिस कानाशी येऊन पुटपुटली, "कोपऱ्यात थोडा राहू दे ना, छान दिसतो." आजोबांनी ऐकलं. तिला शेताबाहेर हाकललं.

१३ ऑक्टोबर
कापणी संपली. इतकं चांगलं चित्र मी आजवर काढलं नव्हतं, आणि मीच ते पुसून टाकलं. आता तिथे नुसती धसकटं.
आजोबांनी माझा हात धरला, उलटा करून तळवा बघितला. "चांगली राबतेस, पोरी." मग दोन वाट्या सूप प्यायले. वर पाव!
मी बाथरूममध्ये जाऊन रडले. का, ते मलाही नीट सांगता येत नाही. ओरेस्टला तर मुळीच नाही.

१९ ऑक्टोबर
आजोबांची मुलगी लिओना रिजायनाहून आली होती. म्हटलं, तुमच्या वडिलांनी जन्मभर शेती केली असणार! ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाबांनी? अहो, त्यांचं बुटांचं दुकान होतं. शेतात कधी पाय ठेवला नाही त्यांनी — चिखल लागतो म्हणून."
आजोबांचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. भिंतीकडे बोट दाखवून तिला म्हणाले, "यंदा पीक झकास आलं. माझं आणि हिचं."